ढोली आणि पिंजरा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



मागच्या वर्षी याच व्यासपीठावर मधुमेहावर व्याख्यान झाले आणि त्यानंतर प्रसादाला मोदक होते, ही आठवण अजून ताजी आहे. यंदा समितीने आम्हाला बोलावले आणि विषय आमच्यावर सोडला. आम्ही म्हणजे सहा जण. कोणी बांधकाम खात्यात उपयंत्री, कोणी सिंचनात, कोणी तहसिलीत, एक जण शाळेत. बहुतेक सगळे डिप्लोमावाले, पक्षिशास्त्राची पदवी कोणाकडेच नाही. गेली बारा-तेरा वर्षे रविवारी सकाळी सिरपूर तलावावर दुर्बीण घेऊन उभे राहायचे आणि नंतर पोहे-जिलबी खाऊन घरी जायचे, असा आमचा परिपाठ आहे. बोलायला एक उभा असला तरी जे बोलणार ते सहा जणांचे आहे.

विषय पोपटाचा आहे. त्यातही एका बेटावरच्या पोपटाचा. आपल्या घरात राघू, मिठू, पोपट अशी त्याला तीन-तीन नावे आहेत आणि एखाद्याची फजिती झाली की 'पोपट झाला' असे म्हणून आपण त्याला उगाच बदनामही करतो. पण आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो आपला मिठू नव्हे, त्याचा चुलतभाऊ. राहतो हिंदी महासागरात, मॉरिशस बेटावर. इंग्रजीत त्याला एको पॅराकीट म्हणतात, तिथले लोक नुसते 'कातो' म्हणतात.

मॉरिशस म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या काकांनी मान हलवली, ती का ते आम्हाला ठाऊक आहे. तिथे आपली माणसे आहेत. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे मराठी मजूरही होते. त्यांचे वंशज आजही घरी गणपती बसवतात. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही सरकारी माणसे, त्यामुळे ही माहिती आमच्या चटकन लक्षात राहिली. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी होळकरांच्या राज्यात येऊन घरे बांधली, त्यांच्या वाट्याला वाडे आले. त्या लोकांच्या वाट्याला ऊस आला. आणि तो ऊस ज्या जमिनीवर लागला त्या जमिनीवर आधी हा पोपट राहत होता.

आता पक्षी कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे मुलांना चित्र काढता येईल. अंगाचा रंग पाचूसारखा गडद हिरवा, आपल्या पोपटापेक्षा एक छटा जास्तच गडद. नराची वरची चोच लालभडक, गळ्याला काळी पट्टी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी कंठी. डोक्याच्या मागे निळसर झाक. मादीची चोच काळी आणि तिला गुलाबी कंठी नाही. शेपटी आपल्या पोपटापेक्षा आखूड, पंख जास्त गोलाकार, आवाज खालच्या पट्टीतला, जरा नाकातला. आपला मिठू सकाळी टोळीने किर्र करत जातो, तसा हा कर्कश नाही. आनुवंशिक अभ्यासातून असे दिसते की याचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक म्हणजे आपलेच कंठवाले पोपट. फार फार पूर्वी, माणसाचा पत्ता नसताना, त्याचे पूर्वज समुद्र ओलांडून त्या बेटावर पोहोचले आणि तिथलेच होऊन गेले. म्हणजे स्थलांतरित आणि आता पक्के रहिवासी. इंदूरच्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

त्या भागात तीन बेटे आहेत: मॉरिशस, रेयुनियों आणि रोड्रिग्ज. तिन्हींवर आपापले पोपट होते, एकापेक्षा जास्त जातींचे. रेयुनियोंचा हिरवा पोपट अठराव्या शतकात गेला. रोड्रिग्जचा एक निळसर पोपट होता, त्याचा शेवटचा नमुना १८७५ साली मिळाला, पुढे काही नाही. मॉरिशसवरच एक मोठ्या डोक्याचा, रुंद चोचीचा पोपट होता, तोही गेला. डोडोचे नाव तर शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. डच लोक १५९८ साली त्या बेटावर उतरले आणि शंभर वर्षे पुरी व्हायच्या आत डोडो संपला. आज तिन्ही बेटांवर मिळून मूळचा पोपट हा एकच उरला आहे. तोही थोडक्यात बचावला.

का गेले हे सगळे? बंदुकीने किंवा जाळ्याने गेले अशी आपली समजूत असते. थोडेफार तसेही झाले. पण मुख्य गोष्ट निराळी आहे. जहाजांबरोबर उंदीर आले. खलाशांनी जाव्याकडची माकडे आणून सोडली. डुकरे आली, हरणे आली. मग जंगल तोडून ऊस लावला, पुढे चहाही. आज त्या बेटावर चांगल्या अवस्थेतले मूळ जंगल दोन टक्केसुद्धा नाही. जे उरले त्यात ब्राझीलहून आणलेल्या तांबड्या पेरूने असे रान माजवले की मूळच्या झाडांची रोपे उगवूनही वर येईनात. आपल्याकडे रालामंडलच्या टेकडीवर घाणेरी पाहिली असेल तर अंदाज येईल.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती आपल्याला थोडी टोचणारी आहे. १७६२ च्या सुमारास फ्रेंचांनी टोळधाडीवर उपाय म्हणून हिंदुस्थानातून साळुंक्या नेल्या. पुढे १८८६ च्या सुमारास आपला कंठवाला पोपटही तिथे सुटला, बहुधा पिंजऱ्यातून. म्हणजे आपल्या गाण्या-गोष्टींतली राघू-मैनेची जोडी तिथे पोहोचली आणि तिने काय केले? घरमालकाच्या खोल्या बळकावल्या. साळुंकीलाही ढोली लागते, मिठूलाही ढोली लागते, आणि एको पोपटालाही ढोलीच लागते.

आता खऱ्या विषयावर आलो. ढोली.

पोपट घरटे विणत नाही. सुगरणीसारखे किंवा कावळ्यासारखे काड्या जमवणे त्याच्या स्वभावात नाही. त्याला झाडाच्या खोडात आयती पोकळी हवी. आपल्याकडे ही पोकळी करून द्यायला सुतार पक्षी आहे, तांबट आहे. ते दरवर्षी नवे भोक पाडतात, जुने सोडून देतात. सोडलेल्यात पोपट, साळुंकी, पिंगळा, खारी सगळे भाड्याने राहतात. मॉरिशसवर सुतार पक्षी नाही आणि तांबटही नाही, कधीच नव्हते. तिथे ढोली तयार व्हायची ती एकाच प्रकारे: मोठे झाड म्हातारे व्हायचे, वादळात फांदी मोडायची, त्या जखमेतून पाणी आत शिरायचे, गाभा कुजायचा आणि अनेक वर्षांनी आत एका पोपटाच्या कुटुंबापुरती जागा व्हायची. हा पोपट ज्या झाडांत राहतो त्यांत आपल्या ओळखीची घराणी आहेत. बकुळीची एक बहीण आहे, उंडीची एक बहीण आहे, धुपाच्या जातीचे एक झाड आहे. ही सगळी सावकाश वाढणारी. ढोली असावी ती जमिनीपासून तीस-पस्तीस फुटांवर. असे झाड शंभर वर्षांच्या आत होत नाही. ते तोडले आणि दुसरे लावले तर हिशेब पणतवंडांच्या नावावर जातो.

त्यात वादळे. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल नावाचे चक्रीवादळ आले, १९७५ मध्ये जर्वेज. आधीच मोजकी उरलेली म्हातारी झाडे त्यांत कोलमडली. आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर मोजणी झाली तेव्हा संपूर्ण जगात या जातीचे आठ ते बारा पक्षी उरले होते. माद्या त्यांत तीनच माहीत होत्या. आज या सभामंडपात पहिल्या रांगेत जितक्या खुर्च्या आहेत त्याहून कमी. जगातला सर्वांत दुर्मीळ पोपट म्हणून त्याची नोंद झाली.

त्या काळात जाणत्या लोकांत एक वाद चालू होता तो सांगण्यासारखा आहे. याच बेटावर एक छोटा ससाणा आहे. १९७४ साली त्याचे चारच पक्षी माहीत होते. नॉर्मन मायर्स नावाचे मोठे पर्यावरणतज्ज्ञ होते. त्यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात त्या ससाण्याचे उदाहरण घेऊन असा विचार मांडला की पैसा आणि माणसे मर्यादित आहेत, तेव्हा काही जातींवरचा हात काढून घ्यावा आणि तो पैसा वाचण्याची शक्यता असलेल्यांवर लावावा. ऐकायला कठोर वाटते, पण अंदाजपत्रक ज्यांनी कधी बनवले आहे त्यांना हा विचार अगदीच परका वाटणार नाही. आम्हालाही वाटला नाही.

त्याच १९७९ साली कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा पंचविशीतला तरुण मॉरिशसला पोहोचला. त्याला पाठवले होते ते तिथले काम आवरते घेऊन स्थानिक सरकारच्या हवाली करायला. त्याने ते आवरले नाही. लहानपणी घराच्या मागे जखमी पक्षी पाळणारा हा माणूस, त्याने आधी ससाण्याची अंडी उचलून उबवली, पिल्ले वाढवून सोडली. मग गुलाबी कबुतर. मग आपला पोपट. जर्सी बेटावरचे जेराल्ड ड्युरेल यांचे पाठबळ त्याला मिळाले, १९८४ मध्ये मॉरिशसमध्येच एक वन्यजीव संस्था उभी राहिली, सरकारने १९९४ साली ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान केले. पुढे २०१६ मध्ये जोन्स यांना इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसांच्या चरित्रात आम्ही फार शिरत नाही. आम्हाला रस आहे तो त्यांच्या माणसांनी ढोलींचे काय केले यात, कारण ते आमच्या धंद्याच्या जवळचे आहे.

बघा, पक्षी दहा. माद्या तीन-चार. त्या ज्या ढोलींत अंडी घालतात त्या ढोली कोणत्या, हे आधी शोधायचे. त्यासाठी पावसाळी जंगलात तासन्‌तास बसून पोपट कुठे शिरतो ते पाहायचे. मग दोर लावून झाडावर चढायचे. आत पाहिले तर काय दिसायचे? पावसाचे पाणी साचलेले, अंडी पाण्यात. म्हणजे पहिले काम निचऱ्याचे! खालून भोक पाडून पाणी काढून दिले. तोंडावर छोटे छप्पर बसवले. तळ खोल गेला होता तो भरून घेतला, वर लाकडाचा भुसा टाकला. बाजूने एक दार केले, म्हणजे पिल्ले तपासायला पक्ष्याच्या वाटेने हात घालायला नको. खोडाभोवती गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा गुंडाळला, त्यावर उंदराचा पाय ठरत नाही. शेजारच्या झाडांच्या फांद्या छाटल्या, म्हणजे माकडाला उडी मारून येता येणार नाही. उंदरांसाठी विषाचे आमिष ठेवले. ढोलीत एक माशी अंडी घालते, तिच्या अळ्या पोपटाच्या पिल्लांचे रक्त पितात, एका रात्रीत पिल्लू निस्तेज होते. त्यावर भुसा बदलणे आणि औषध मारणे.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्यातले सिंचनवाले म्हणाले, अरे, हे तर मेंटेनन्सचे काम आहे! तेच तर. पुलाचे उद्घाटन होते तेव्हा फीत कापायला गर्दी असते. त्याच पुलाची पाणी जाण्याची भोके दर पावसाळ्याआधी साफ करणाऱ्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही, आणि पूल टिकतो तो त्याच्यामुळे. एको पोपट वाचला तो ढोलीच्या देखभालीने. तिकडे या पक्ष्याचा विणीचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतो. म्हणजे आपल्याकडे मांडव पडतो, त्या दिवसांत तिकडे कोणीतरी दोराला लटकून ढोली तपासत असते.

दुसरी गोष्ट पिल्लांच्या हिशेबाची. मादी दोन ते चार अंडी घालते, पण जंगलात खायला इतके कमी की बहुतेक वेळा एकच पिल्लू जगते. सगळ्यांत धाकटे उपाशी मरते. जोन्स यांच्या माणसांनी काय केले, तर जे मरणारच होते ते पिल्लू आधीच उचलले. ब्लॅक रिव्हरच्या केंद्रात आणून हाताने भरवले. एका ढोलीत पिल्लू मेले किंवा अंडी फुटली तर दुसरीकडचे जास्तीचे पिल्लू तिथे ठेवले आणि त्या आईबापांनी ते आपले म्हणून वाढवले. दत्तक म्हणा. १९९७ पासून हातावर वाढवलेले पक्षी जंगलात सोडायला सुरुवात झाली आणि २००५ पर्यंत असे शंभराहून जास्त पक्षी सोडले गेले. जंगलात त्यांच्यासाठी खाद्याच्या पेट्या टांगल्या.

लाकडी घरटी-पेट्याही टांगल्या. याची कथा मजेशीर आहे. जंगलात वाढलेल्या जुन्या पोपटांनी त्या पेट्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. आजोबा वाडा सोडून फ्लॅटमध्ये जायला तयार नसतात, तसे. पण केंद्रात वाढून आलेल्या तरुण पोपटांना पेटीचे वावडे नव्हते. त्यांनी पेट्या स्वीकारल्या, त्यांची पिल्लेही पेटीतच जन्मली आणि हळूहळू पेटी हेच बहुतेकांचे घर झाले. शंभर वर्षांनी तयार होणारी ढोली सुताराने चार दिवसांत करून दिली. पण हे लक्षात घ्या की झाड म्हातारे झाले की ढोली आपोआप होते आणि आपोआप टिकते. पेटी सडते, पेटीत मधमाश्या शिरतात, साळुंकी शिरते. पेटी म्हणजे कायमची नोकरी.

आता या गोष्टीतला वाईट भाग. २००५ च्या सुमारास पोपटांत एक विषाणूचा रोग पसरला. चोच आणि पिसांचा रोग. पिसे गळतात, नवी वेडीवाकडी येतात, प्रतिकारशक्ती जाते. जगभरच्या पोपटांना होतो. जिथे पक्षी एकत्र येतात, म्हणजे खाद्याच्या पेट्या, घरट्याच्या पेट्या, तिथेच तो पसरायचा धोका जास्त. म्हणजे ज्या मदतीवर जात तगली होती तीच मदत रोगाची वाट झाली. शिवाय सगळे पक्षी दहा-बारा पूर्वजांचे वंशज, एकाला जे झेपत नाही ते बहुतेकांना झेपायचे नाही, ही भीती होतीच. तेव्हा त्या लोकांनी पिल्ले उचलणे, हाताने भरवणे, इकडून तिकडे नेणे हे सगळे थांबवले. पेट्या धुणे, निर्जंतुक करणे तेवढे ठेवले. हात आवरता घेणे हे हात घालण्यापेक्षा अवघड असते असे आम्हाला वाटते, विशेषतः वीस वर्षे आपणच भरवले असेल तेव्हा. रोगाने पक्षी मेले. पण जात तगली आणि वाढतही राहिली. २००७ साली तिला 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' मध्ये आणले गेले, २०१९ साली आणखी एक पायरी खाली. या यादीत खाली येणे म्हणजे बढती. तोवर संख्या साडेसातशेच्या आसपास गेली होती. २०१५ पासून बेटाच्या पूर्वेला फेर्नीच्या खोऱ्यात पोपट सोडले गेले, कारण सगळे एकाच जंगलात ठेवले आणि तिथेच वादळ आले तर पुन्हा दहा उरायचे.

काही जण हा आकडा सांगून टाळ्या घेतात. आम्ही सावध आहोत. साडेसातशे म्हणजे आपल्या एका बऱ्या सोसायटीची लोकसंख्या. त्या पोपटांना आजही खाद्याच्या पेट्या लागतात, घरट्याच्या पेट्या लागतात, आणि जंगलातले काही तुकडे कुंपण घालून, पेरू उपटून पुन्हा उभे करायचे काम चालू आहे. ती झाडे ढोलीच्या वयाची होतील तेव्हा या मंडपातले कोणी नसेल. पण ज्या ससाण्यावरचा हात काढा असे सांगितले जात होते, तोही आज आहे आणि पोपटही आहे. मायर्स यांचा हिशेब कागदावर बरोबर होता. त्यात दोराला लटकणाऱ्या माणसांचा रकाना नव्हता.

रकान्यावरून आमच्याकडे येतो. रस्ता रुंद करायचा असला की बाधित झाडांची यादी करतात. जात, घेर, उंची, कोणत्या बाजूला, साखळी क्रमांक. ढोलीचा रकाना त्यात नसतो. चिंचेचे झाड दहा फूट घेराचे असो आणि त्यात पोपटाच्या दोन जोड्या, पिंगळा आणि खारी असोत, कागदावर ते 'चिंच, एक नग' असते. त्याच्या बदल्यात रोपे लागतात, लागावीतच, पण रोपात कोणाला राहता येत नाही. आमच्यातले जे मोजणीला जातात ते गेली दोन वर्षे शेऱ्याच्या रकान्यात 'ढोली आहे, पक्ष्यांचा वापर आहे' एवढे लिहितात. नियमात बसते, कोणाची परवानगी लागत नाही. एका रस्त्यावर त्यामुळे नाली चार फूट सरकली आणि दोन चिंचा राहिल्या. दुसऱ्या एका ठिकाणी शेरा वाचलाही गेला नाही. असो.

आता पिंजऱ्याबद्दल. हा भाग बोलायचा की नाही यावर आमच्यात चर्चा झाली, कारण सणाचे दिवस आहेत आणि समोर आपलीच माणसे आहेत. रामबाग, नारायण बाग, आपल्या जुन्या वस्त्यांत कितीतरी घरांच्या ओसरीवर मिठूचा पिंजरा होता. काहींच्या गॅलरीत आजही आहे. कोणाच्या घरी तो रामरक्षेतला एखादा शब्द म्हणतो, कोणाच्या घरी कुकरची शिट्टी वाजवतो. आजींना त्याची सोबत असते. प्रेमाने पाळतात, हिरवी मिरची देतात, डाळिंब देतात, हे आम्ही पाहिलेले आहे आणि त्या प्रेमाबद्दल आम्हाला शंका नाही.

आमचे म्हणणे तो पिंजऱ्यात आला कसा, याबद्दल आहे. कंठवाला पोपट किंवा तो मोठा, खांद्यावर लाल ठिपका असलेला पहाडी पोपट, यांची पिल्ले पिंजऱ्यात पैदा करून विकली जात नाहीत. ती ढोलीतून काढतात. वसंतात, पिल्ले पिसे फुटायच्या बेतात असताना. ढोलीचे तोंड हात जाईल एवढे नसते, म्हणून कुऱ्हाडीने ते फोडून मोठे करतात, नाहीतर फांदीच तोडतात. पिल्ले जातात, त्यांतली बरीच वाटेत मरतात, आणि ढोलीही कायमची जाते. पुढच्या वर्षी त्या जोडीने जायचे कुठे? एक मिठू विकत घेतला म्हणजे एक पक्षी गेला असे आपण समजतो. गेलेले असते ते वीस-पंचवीस वर्षे चाललेले घर. मॉरिशसमध्ये ज्या ढोलीला छप्पर बसवायला माणूस दोरावर चढत होता, तशी ढोली आपल्याकडे काही रुपयांसाठी फोडली जाते. आपला पोपट आज भरपूर दिसतो हे खरे. पहाडी पोपट मात्र आम्हाला पूर्वीइतका दिसत नाही, आणि लाल डोक्याचा टुइया पाहायला आता शहराबाहेरच जावे लागते.

कायदा काय म्हणतो हेही सांगतो, सरकारी माणसाने तेवढे सांगितलेच पाहिजे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. भारतातला कुठलाही रानटी पोपट विकणे, विकत घेणे, पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कैद आहे, दंड आहे. दुकानात जे मोठे रंगीत मकाव किंवा आफ्रिकेचे करडे पोपट दिसतात त्यांचा नियम वेगळा. २०२४ पासून अशा विदेशी जातींची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कोणी घेतला असेल तर कागद तपासून पाहा.

घरी आधीपासून मिठू असेल त्यांनी उद्या सकाळी पिंजऱ्याचे दार उघडून द्यायचे, असे मात्र कृपया करू नका. दहा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखात बळ नसते, मांजर किंवा शिक्रा त्याला तासाभरात उचलतो. वनविभागाला कळवा, ते त्याची व्यवस्था करतात. आणि तो गेल्यावर त्याच्या जागी नवा आणू नका. नातवंडांनी हट्ट धरला तर त्यांना रविवारी आमच्याकडे पाठवा.

शेवटी कामाचे. मंडळाच्या आवारात मागच्या बाजूला जुना कडुनिंब आहे, त्याच्या वाळक्या फांदीला एक भोक आहे, ते बहुतेकांनी पाहिले नसेल. त्यात पोपटाची एक जोडी गेली तीन वर्षे पिल्ले काढते आहे. ती फांदी दिव्यांच्या माळेला अडचण होते म्हणून विसर्जनानंतर छाटायची असे कार्यकारिणीत ठरले आहे, असे कानावर आले. आमची विनंती आहे की माळ दुसऱ्या बाजूने न्यावी. खांब उभा करायचे काम आम्ही सहा जण करून देऊ, सामान आमच्याकडे आहे. आणि फांदी पडण्याचा धोका वाटत असेल तर खालून लोखंडी टेकू देता येईल, त्याचे मोजमाप आम्ही काल घेतले आहे. तो कागद सचिवांकडे दिला आहे.

सिरपूरला जायला येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मंडळाच्या फाटकापाशी जमायचे. टोपी आणि पाण्याची बाटली आणावी, पांढरे कपडे घालू नयेत. दुर्बिणी चार आहेत, आळीपाळीने मिळतील. पोह्यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. आता आरतीची वेळ झाली, आम्ही थांबतो.